कोणतं भांडं आधी भरेल? नळ्या-भांड्यांचं चित्रकोडं सोडवण्याची रीत

वर एक नळ, नळाखाली भांडं, त्या भांड्याला फुटलेल्या दोन-तीन नळ्या, नळ्यांच्या टोकांना आणखी भांडी आणि त्यांना आणखी नळ्या. खाली एवढाच प्रश्न: सगळ्यांत आधी कोणतं भांडं भरेल? हे चित्रकोडं बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेलं असतं. एकाच चित्राची चार माणसं चार उत्तरं देतात आणि प्रत्येकाला आपलंच बरोबर वाटतं.

चुकतं ते एकाच ठिकाणी. आपण नळापाशी बोट ठेवतो आणि पाण्यामागे धावत सुटतो. नळी दिसली की बोट नळीत शिरतं, नळी वर वळली की बोटही वर चढतं. पाणी असं चढत नाही. म्हणून माझं सांगणं असं, की आधी चित्रातल्या उंच्या वाचाव्यात आणि पाणी सगळ्यांत शेवटी सोडावं. उंच्या नीट वाचल्या तर पाणी कुठे जाणार हे जवळजवळ आपोआप कळतं. ही रीत छोट्या चित्राला चालते, तशीच वीस भांड्यांच्या गुंतागुंतीच्या चित्रालाही चालते.

पाणी कसं वागतं

सगळं कोडं दोन गोष्टींवर उभं आहे. एक, पाणी खाली वाहतं आणि वाट मिळाली नाही तर साचून वर चढतं. दोन, जोडलेल्या भांड्यांत साचलेल्या पाण्याची पातळी दोन्हीकडे सारखी असते. भांडं रुंद असो, चिंचोळं असो, तिरकं असो, काही फरक पडत नाही. तळाशी दाब किती हे वरच्या पाण्याच्या उंचीवर ठरतं, भांड्यात एकूण किती पाणी आहे त्यावर नाही. फ्लेमिश गणिती सायमन स्टेविन यांनी हे १५८६ साली छापून मांडलं. बोटाएवढ्या नळीतलं पाणी पिंपभर पाण्याला तोलून धरतं, हे आजही पहिल्यांदा पाहणाऱ्याला खोटंच वाटतं. कोडं घालणारे नेमका याचाच फायदा घेतात. मोठं भांडं काढलं की नजर तिकडे जाते, पण भांड्याचा आकार इथे बहुतेक वेळा निरुपयोगी माहिती असते.

पायरी १: प्रश्न नीट वाचा

‘आधी कोणतं भरेल’ आणि ‘पाणी शेवटी कुठे पोचेल’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ‘कोणतं भांडं कधीच भरणार नाही’ हा तिसरा. नळ किती जोरात सोडला आहे हेही पाहा. चित्रात थेंब काढलेले असतील किंवा काहीच सांगितलेलं नसेल, तर पाणी हळूहळू येतंय आणि प्रत्येक नळी आलेलं सगळं पाणी वाहून नेऊ शकते, असं धरायचं. जोरात सोडलेल्या नळाचं गणित वेगळं आहे, त्याकडे पुढे येऊच.

पायरी २: बंद नळ्या शोधा

पाण्याचा विचार करण्याआधी सगळं चित्र एकदा फक्त अडथळ्यांसाठी पाहा. चित्र मोठं करून पाहता येत असेल तर जरूर करा. प्रत्येक नळीच्या दोन्ही तोंडांशी जा आणि भांड्याची भिंत तिथे खरंच उघडी आहे का ते बघा. बऱ्याच चित्रांत भिंतीची रेघ नळीच्या तोंडावरून सरळ पुढे गेलेली असते. नळी चिकटलेली दिसते, पण आत जायला वाट नसते. कधी नळीच्या मध्ये एक बारीक आडवी रेघ असते. ती वळणावर, दोन जाड रेघांच्या मध्ये ठेवलेली असते, म्हणजे सहज निसटावी. एकमेकींवरून जाणाऱ्या दोन नळ्यांकडेही लक्ष द्या. एकीच्या कडा दुसरीपाशी तुटून पुढे परत सुरू होत असतील, तर ती मागून गेली आहे, तिथे सांधा नाही.

बंद नळीवर पेन्सिलीने फुली मारा आणि पुढे ती विसरून जा. नळीचा उघडा भाग पाण्याने भरेल आणि पाणी तिथेच थांबेल, एवढंच.

ही पायरी कंटाळवाणी आहे, तरी मी तिच्यावर सगळ्यांत जास्त वेळ घालवायला सांगेन. अवघड दिसणाऱ्या चित्रातल्या निम्म्या नळ्या इथेच गळून पडल्या, असं पुष्कळदा होतं.

पायरी ३: काठ आणि उंबरठा

आता पट्टी घ्या. चित्राच्या तळाशी एक आडवी रेघ धरा आणि तिथून उंच्या मोजा. सेंटीमीटर, चौकटी, काहीही चालेल, कारण आपल्याला फक्त कमी-जास्त ठरवायचं आहे.

प्रत्येक भांड्याची एक उंची लिहा: काठाची. काठ तिरका असेल तर त्यातला सगळ्यांत खालचा बिंदू घ्या, कारण पाणी तिथूनच सांडणार.

प्रत्येक उघड्या नळीचीही एकच उंची लिहा. तिला मी उंबरठा म्हणतो. भांड्यातून निघून पलीकडे पडेपर्यंत नळी जिथे सगळ्यांत वर जाते, तिथल्या तिच्या आतल्या खालच्या कडेची उंची म्हणजे उंबरठा. नळी भांड्यातून निघून सरळ खाली जात असेल, तर तिचं तोंड हाच उंबरठा, आणि त्यातही तोंडाची खालची कड. पण नळी आधी वर चढून मग खाली उतरत असेल, तर तोंड कितीही खाली असलं तरी त्याला महत्त्व नाही. पाण्याला ती चढण पार करायला भांड्यातली पातळीच तेवढी वर यावी लागते.

कोड्यातली खरी मेख इथे आहे. भांड्याच्या तळाशी जोडलेली नळी पाहिली की ‘पाणी आधी इथून जाणार’ असं वाटतं. तळाशी जोडलेली नळी वर वळून काठापेक्षा उंच गेली असेल, तर तिच्यातून थेंबही पलीकडे पडत नाही. भांडं त्याआधीच भरून सांडू लागतं. नळी भांड्याला कुठे जोडली आहे त्यापेक्षा ती वाटेत किती उंच जाते, हे पाहायचं.

मोजताना नळीची वरची कड धरू नका. जाड नळ्यांच्या चित्रांत दोन कडांमधलं अंतरच पुष्कळ असतं आणि काठ नेमका त्या दोघींच्या मध्ये ठेवलेला असतो. खालची कड काठाच्या खाली असेल तर पाणी नळीतून जाईल, मग वरची कड कुठेही असो.

पायरी ४: आता पाणी सोडा

नळाखालच्या भांड्यापासून सुरू करा. त्या भांड्याचा काठ आणि त्याच्या उघड्या नळ्यांचे उंबरठे शेजारी ठेवा. त्यांतला सगळ्यांत लहान आकडा कोणता? काठ असेल तर भांडं भरलं, कोडं सुटलं. उंबरठा असेल तर पाणी त्या उंचीला थांबेल आणि त्या नळीने पुढच्या भांड्यात जाईल. तिथेही तेच करा.

बाकीच्या नळ्या त्या भांड्यापुरत्या सध्या बाद. त्यांच्यात पाणी शिरलेलं असू शकतं, पण ते भांड्याच्या पातळीएवढंच उभं राहतं.

पायरी ५: दोन भांडी एक होतात तेव्हा

पुढच्या भांड्यात पाणी वरून पडत असेल, म्हणजे नळीचं टोक त्या भांड्याच्या काठाच्या वर असेल, तर मागे वळून पाहायची गरज नाही. खालचं भांडं काठोकाठ भरलं तरी पाणी उलटं वर जाणार नाही.

नळी पुढच्या भांड्याच्या कुशीत किंवा तळाशी शिरत असेल तर मात्र सावध राहा. खालच्या भांड्यातली पातळी वाढत वाढत नळीच्या उंबरठ्याला येऊन भिडली, की दोन्ही भांडी मिळून एक साठा होतो. तिथून पुढे दोघांची पातळी एकत्र चढते. अशा वेळी दोघांचे आकडे एकाच यादीत टाका, म्हणजे दोन्ही काठ आणि दोन्हीकडच्या उरलेल्या नळ्यांचे उंबरठे, आणि त्यांतला सगळ्यांत लहान शोधा. मघाशी बाद केलेली नळी इथे परत कामाला येऊ शकते.

चांगल्या कोड्याची आणि ओढूनताणून अवघड केलेल्या कोड्याची परीक्षा इथे होते, असं मला वाटतं. लपवलेल्या बारीक रेघांवर उभं असलेलं कोडं एकदा फसवतं. एकत्र होणाऱ्या साठ्यांवर रचलेलं कोडं उत्तर माहीत असूनही पुन्हा सोडवावंसं वाटतं. उंचसखल जमिनीवर पाऊस पडल्यावर कोणता खड्डा आधी भरेल आणि पाणी कुठून सांडेल, हे संगणकावर काढतानाही हाच विचार वापरतात: सगळ्यांत खालची सुटका शोधायची, साठे जोडायचे, पुन्हा शोधायचं.

एक चित्र आकड्यांत सोडवू

चौकटीच्या कागदावर हे काढून घ्या. उंच्या तळाच्या रेघेपासून, चौकटींत.

क: तळ २०, काठ २८, वर नळ. ‘ग’कडे जाणाऱ्या नळीचा उंबरठा २२, पण ‘ग’पाशी नळीत आडवी रेघ. ‘ख’कडे जाणारी नळी २४ वर, तिचं टोक ‘ख’च्या वर उघडतं.

ख: तळ १४, काठ २१. ‘घ’कडे जाणारी नळी १६ वर निघते, १९ पर्यंत चढते आणि मग उतरते. ‘च’कडे जाणारी नळी १८ वर निघून सरळ खाली, ‘च’च्या वर उघडते.

च: तळ ५, काठ १३. तळाजवळ ६ वर आडवी नळी, ती ‘छ’च्या कुशीत ६ वरच शिरते.

छ: तळ ४, काठ ११. दुसऱ्या बाजूला ९ वर नळी निघते, १२ पर्यंत चढून ‘ज’मध्ये उतरते.

आधी फुली. ‘क’ ते ‘ग’ बंद, म्हणून ‘ग’ कोड्यातून बाहेर. ‘क’चे उरलेले आकडे २४ आणि २८. पाणी २४ ला थांबतं आणि ‘ख’मध्ये पडू लागतं.

‘ख’मध्ये पाहणाऱ्याची नजर १६ वरच्या नळीवर जाते, कारण ती खाली आहे. तिचा उंबरठा मात्र १९ आहे. यादी झाली १८, १९, २१. पातळी १६ च्या वर गेली की त्या नळीत पाणी शिरतं, भांड्याबरोबर चढतं आणि १८ ला अडतं. चढणीच्या माथ्याला एक चौकट उरते आणि तेवढ्यात दुसरी नळी सुरू होते. ‘घ’ कोरडं राहतं.

पाणी ‘च’मध्ये येतं. पातळी ६ झाली की ते ‘छ’कडे जातं, ‘छ’ ६ पर्यंत भरतं आणि दोघं एक होतात. आता एकत्र यादी: ‘च’चा काठ १३, ‘छ’चा काठ ११, ‘ज’कडचा उंबरठा १२. पातळी ९ ला आली की ‘ज’कडच्या नळीत पाणी शिरतं आणि वर चढू लागतं, पण पातळी ११ झाली की ‘छ’ काठोकाठ भरतं. उत्तर ‘छ’.

आता याच चित्रात एकेक बदल करून पाहा, शिकायला ते जास्त उपयोगी आहे. ‘च’ आणि ‘छ’मधल्या नळीत रेघ मारली तर ‘च’ला दुसरी वाट नाही, ते १३ ला भरेल. ‘छ’चा काठ ११ ऐवजी १३ केला तर १२ ला पाणी माथा ओलांडून ‘ज’मध्ये उतरेल.

सगळ्यांत मजेदार बदल ‘ग’चा आहे. त्याच्या नळीतली रेघ खोडा. ‘ग’ला दुसरी नळी नाही, काठ २६ वर आहे आणि ‘क’कडून येणारी नळी त्याच्या कुशीत २२ वर शिरते, असं धरा. आता पाणी आधी ‘ग’मध्ये जाणार हे नक्की. तरीही ‘ग’ भरणार नाही. त्यातली पातळी २२ झाली की ‘क’ आणि ‘ग’ एक साठा होतात. त्यांची यादी २४, २६, २८. म्हणजे २४ ला ‘ख’कडची नळी सुरू होते आणि ‘ग’ दोन चौकटी रिकामं राहून थांबतं. उत्तर पुन्हा ‘छ’च! पण ‘ग’चा काठ २३ केला, तर ते २३ ला भरतं आणि बाकी सगळं चित्र निरर्थक होतं.

उत्तर तपासताना

उत्तराच्या भांड्यापासून उलटं नळापर्यंत जा. वाटेतली प्रत्येक नळी उघडी आहे का, आणि वाटेतल्या प्रत्येक भांड्यात निवडलेला उंबरठा काठाच्या खाली आहे का, ते पाहा. मग उत्तराच्या भांड्यातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक नळीचा उंबरठा त्याच्या काठाच्या वर आहे, हे पक्कं करा. घाईत शेवटची तपासणीच राहते: पाणी भांड्यापर्यंत पोचवलं की आपण थांबतो, आणि तळाशी जोडलेली एखादी नळी ते सगळं पुढे घेऊन जात असते.

दोन नळ्यांचे उंबरठे अगदी सारखे असतील तर काय? दोन्ही सारख्याच नळ्या असतील, तर पाणी निम्मं-निम्मं वाटलं जाईल. इथे मात्र भांड्यांचा आकार महत्त्वाचा. मिनिटाला ६ लिटर येत असतील तर प्रत्येकाला ३ मिळतील आणि ४ लिटरचं भांडं ८० सेकंदांत भरेल, ६ लिटरचं २ मिनिटांत. चित्रात आकारमान दिलेलं नसेल तर सारखे उंबरठे बहुधा नसतातच, पुन्हा मोजा.

नळ जोरात असेल तर

काही जण हट्टाने म्हणतात, की नळी उघडी असली तरी पाणी जास्त आलं तर पहिलंच भांडं भरेल. त्यांचं म्हणणं बरोबर आहे, आणि किती पाण्याला ते खरं होतं हे काढता येतं. भोकातून पाणी किती वेगाने बाहेर पडतं याचा नियम इटालियन शास्त्रज्ञ टॉरिचेली यांनी १६४४ साली प्रसिद्ध केला: भोकाच्या वर जेवढी पाण्याची उंची, तेवढ्या उंचीवरून पडलेल्या वस्तूला जो वेग येईल, तोच. २० सेंटीमीटर उंचीला हा वेग सेकंदाला जवळजवळ २ मीटर होतो.

भोक १ सेंटीमीटर व्यासाचं असेल तर हिशेबाने सेकंदाला १५५ मिलिलिटर पाणी जायला हवं. प्रत्यक्षात धार भोकाबाहेर आक्रसते, म्हणून तीक्ष्ण कडेच्या भोकातून त्याच्या साधारण ६० टक्केच जातं, म्हणजे मिनिटाला साडेपाच लिटरच्या आसपास. आता नळ मिनिटाला १० लिटर देत असेल, तर तेवढं पाणी बाहेर काढायला भोकाच्या वर ६४ सेंटीमीटर पाणी उभं राहावं लागेल. भांडं ४० सेंटीमीटरचंच असेल, तर तळाला भोक असूनही ते भरून वाहील. भोकाऐवजी लांब नळी असेल तर आतलं घर्षणही आडवं येतं. एवढ्यासाठीच प्रश्नात नळ किती सोडला आहे ते आधी बघायचं. कोड्यात हे आकडे दिलेले नसतील, तर हळू नळ धरण्यावाचून इलाज नाही.

झाकणं आणि सायफन

वरून बंद असलेलं भांडं दिसलं तर आतली हवा कुठून जाणार ते विचारा. फक्त खालून नळी शिरत असेल आणि हवेला वाटच नसेल, तर पाणी जवळजवळ आत येतच नाही. वातावरणाचा दाब साधारण १०.३ मीटर पाण्याच्या उंचीएवढा असतो. १० सेंटीमीटर जास्तीच्या पाण्याने कोंडलेली हवा जेमतेम १ टक्का दबते, म्हणजे भांड्यात तेवढंच पाणी शिरतं. मात्र बंद भांड्यातून दुसरी नळी बाहेर उघडत असेल, तर तिचं तोंड बुडेपर्यंत हवा तिकडून जात राहते.

सायफनची आठवण चढून उतरणाऱ्या नळीपाशी ठेवा. पाण्याने माथा ओलांडला, नळी पूर्ण भरली आणि तिचं बाहेरचं टोक खाली असलं, तर पातळी माथ्याच्या खाली गेल्यावरही पाणी वाहत राहतं. नळीचं आतलं तोंड उघडं पडून हवा शिरली की ते थांबतं. मघाच्या चित्रात ‘छ’चा काठ १३ केला, तर ‘च’ आणि ‘छ’ दोन्ही १२ वरून ९ पर्यंत रिकामी होऊ शकतात. ‘आधी कोणतं भरेल’ याचं उत्तर यामुळे क्वचितच बदलतं, पण ‘शेवटी कोणत्या भांड्यात किती पाणी असेल’ असं विचारलं असेल तर सगळा हिशेब फिरतो.

स्वतः बांधून पाहायचं असेल तर

पारदर्शक डबे आणि पारदर्शक प्लास्टिकची नळी एवढ्यावर हे काम होतं. नळी ८ ते १० मिलिमीटर आतल्या व्यासाची घ्या. बारीक नळीत पाणी स्वतःहून वर चढतं. स्वच्छ काचेच्या १ मिलिमीटरच्या नळीत ही चढ जवळजवळ ३ सेंटीमीटर असते, आणि एवढ्याने छोट्या मांडणीतले सगळे उंबरठे खोटे ठरतात. शिवाय बारीक नळीत हवेचा बुडबुडा अडकला की ती बंद नळीसारखीच वागते. काठ आणि शेजारचा उंबरठा यांत निदान २ सेंटीमीटर अंतर ठेवा. काठावर पाण्याचा फुगवटा काही मिलिमीटर वर राहू शकतो, त्यामुळे जवळच्या उंच्यांचा निकाल दर वेळी वेगळा लागेल. पाण्यात रंग घाला, मांडणीखालची फळी सपाट आहे का ते पाहा आणि नळ थेंबाथेंबाने सोडा. आधी उत्तर कागदावर लिहा आणि मगच पाणी सोडा. चुकलात, तर ज्या भांड्यात पाणी तुमच्या आकड्याला थांबलं नाही त्याच्या नळ्या पुन्हा मोजा: बहुतेक वेळा एखाद्या वळणाचा माथा मोजायचा राहिलेला सापडतो.